सोनं आणि हिरे घेताना बिल कसं वाचायचं, माल कसा पारखायचा

आधी बिल वाचायला शिका आणि मग दागिने बघायला जा, हे मी सगळ्यांना सांगत असते. लग्नाआधी मी काही वर्षं एका सराफी पेढीवर बिलिंगच्या काउंटरला होते आणि तिथे रोज हेच दिसायचं, की माणसं दोन-दोन तास डिझाईनवर घालवतात, आरशासमोर मान वळवून वळवून बघतात, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावतात आणि बिल समोर आलं की खालचा एकच आकडा बघून कार्ड काढतात. आजचा भाव मात्र तोंडपाठ असतो. अहो, भाव एका गावात सगळीकडे जवळपास सारखाच असतो, जे काय कमीजास्त होतं ते वजनाच्या, घडणावळीच्या आणि हिऱ्याच्या ओळीत होतं.

सोन्यापासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. २४ कॅरेट म्हणजे चोख सोनं, ते नाण्याला, बिस्किटाला, वेढण्याला ठीक, दागिन्याला फार मऊ. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, आपल्याकडच्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ सगळं यातच. १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५, आणि २०२५ पासून ९ कॅरेटचाही म्हणजे ३७५ चा हॉलमार्क (शुद्धतेची सरकारमान्य खूण) मिळायला लागला, भाव इतका चढल्यावर दुसरं काय होणार. हिऱ्याचे दागिने १८ किंवा १४ मध्ये करतात ते काटकसर म्हणून नाही (थोडीफार असतेच), तर हिरा धरून ठेवणारे जे बारीक काटे असतात ना, ते २२ मध्ये मऊ पडतात, वाकतात आणि हिरा पडतो. त्यामुळे "आम्हाला हिऱ्याची अंगठी पण बावीसमध्येच करून द्या" असा हट्ट धरू नका. व्हाइट गोल्ड घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की त्यावर रोडियमचा मुलामा असतो, रोज घातलं की काही काळाने तो झिजून खालची पिवळसर झाक दिसते, परत मुलामा करून मिळतो पण त्याचे पैसे लागतात.

आता हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंगची सक्ती टप्प्याटप्प्याने एकेका जिल्ह्यात आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ज्या दागिन्याला हॉलमार्क लागतो त्याच्यावर सहा अक्षरी एचयूआयडी नंबर (त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय तो विकताच येत नाही. दागिन्यावर तीन खुणा शोधायच्या: बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता म्हणजे २२के९१६ वगैरे, आणि तो अंक-अक्षरं मिसळलेला सहा जागांचा नंबर. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दुकानदाराकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा, ते द्यायलाच पाहिजे, आढेवेढे घेतले तर तिथून उठा. भिंगातून नंबर वाचायचा आणि तिथेच बसल्याबसल्या मोबाईलवर बीआयएस केअर ॲप उघडून व्हेरिफाय एचयूआयडीमध्ये टाकायचा.

बहुतेक लोक ॲपमध्ये नंबर सापडला की खूश होतात, पण खरी गंमत पुढे आहे. ॲप सांगतं की दागिना कुठल्या प्रकारचा, शुद्धता किती, कुठल्या सेंटरला तपासला, सराफाचा रजिस्ट्रेशन नंबर काय. तुमच्या हातात कानातले आहेत आणि ॲप म्हणतंय अंगठी, तर तो नंबर दुसऱ्याच कुठल्या दागिन्याचा आहे. शुद्धता पण जुळवा, हातातल्यावर २२ आणि ॲपमध्ये १८ असं असेल तर बोलायलाच नको.

सगळ्या दागिन्यांना हे लागू नाही हेही माहीत असू द्या, नाहीतर उगाच भांडण व्हायचं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही, म्हणून बऱ्याच नथींवर, चमक्यांवर काहीच छापलेलं नसतं. कुंदन, पोलकी, जडाऊ यांनाही सूट आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या छोट्या सराफालाही सक्ती नाही, म्हणजे गावातला पिढीजात सराफ लबाड आहे असं आपोआप होत नाही. अशा ठिकाणी बिलावर कॅरेट लिहून घ्या, तोंडी "बावीसच आहे ताई, निर्धास्त राहा" याला काही अर्थ नाही. आणि कुणी अजून केडीएम म्हणून विकत असेल तर समजा तो जुन्या जमान्यात अडकलाय. केडीएम म्हणजे कॅडमियम घालून केलेला डाक (सोन्याचे तुकडे जोडायचं सांधण), त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक म्हणून तो बंद झाला, शुद्धतेची हमी वगैरे ती कधीच नव्हती.

शंका असेल तर ग्राहक स्वतः बीआयएसमान्य सेंटरला जाऊन दागिना तपासून घेऊ शकतो, दोनशे रुपयांच्या आसपास फी आहे. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला तर २०१८ च्या बीआयएस नियमांप्रमाणे जेवढा कमी भरला त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. पण त्यासाठी बिल पाहिजे. पक्कं बिल. "कच्च्यावर घ्या, जीएसटी वाचेल" म्हणून जे तीन टक्के वाचवतात त्यांनी हा सगळा हक्क त्या तीन टक्क्यांत विकलेला असतो.

आता बिल उघडू. मंगळसूत्राचंच उदाहरण घेते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. हिशोबाला सोपं म्हणून २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख धरा (तोळा खरा ११.६६ ग्रॅमचा, पण आता बाजारात तोळा म्हटलं की दहाच ग्रॅम धरतात). काट्यावर मंगळसूत्र ठेवलं, १८.४०० ग्रॅम भरलं. हे झालं ग्रॉस वजन. यात काळे मणी आहेत, दोरा आहे, समजा त्याचं २.९०० ग्रॅम. उरलं १५.५०० ग्रॅम नेट सोनं, आणि भाव फक्त यालाच लागला पाहिजे. सोन्याचे १,५५,००० झाले. घडणावळ १४ टक्के धरली तर २१,७००. बेरीज १,७६,७००, त्यावर ३ टक्के जीएसटी ५,३०१, एकूण १,८२,००१. वर हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी. संपलं. आता हेच जर ग्रॉसवर लावलं तर मण्यांचे २९,००० सोन्याच्या भावाने, त्यावर घडणावळ, त्यावर जीएसटी, म्हणजे चौतीस हजार रुपये काचेच्या मण्यांना गेले. आणि मोडायला नेलं की तोच दुकानदार मणी बाजूला काढून वजन करतो, तेव्हा बरोबर नेटच मोजतो.

मण्यांचं वजन किती धरलं हे बिलावर आहे का बघा, आणि ते वजन कसं काढलं ते विचारा. चांगल्या पेढीवर ओवण्याआधी सोन्याच्या वाट्या, मणी आणि काळी पोत वेगवेगळी तोलतात, टॅगवर दोन्ही आकडे असतात. बोरमाळ, एकदाणी, पोकळ गोठ असं काही घेत असाल तर "आत लाख आहे का" हा प्रश्न विचारायचाच. लाख म्हणजे राळेसारखी भर, ती वाईट नाही, पोकळ मणी दबू नयेत म्हणून भरतात, पण तिचं वजन सोन्यात यायला नको.

घडणावळीचं काय सांगू. आठ-दहा टक्क्यांपासून पंचवीसपर्यंत काहीही असू शकते, मशीनच्या चेनला कमी, हातकामाच्या ठुशीला, साजाला, टेंपल ज्वेलरीला जास्त, आणि ती असावीच, कारागिराचे डोळे जातात त्या कामात. मला खटकतं ते टक्केवारीचं, कारण सोन्याचा भाव दुप्पट झाला की घडणावळ पण आपोआप दुप्पट होते, काम तेवढंच आणि कारागिराच्या हातात पडणारी मजुरी काही दुप्पट होत नाही. म्हणून ग्रॅममागे किती रुपये पडतात ते काढून बघा, तीन दुकानांत विचारलं की लगेच कळतं कोण किती ताणतंय. अक्षय्य तृतीयेला, पाडव्याला "घडणावळीवर ५० टक्के सूट" चे बोर्ड लागतात तेव्हा मूळ टक्का किती धरलाय ते आधी विचारा. काही ठिकाणी घडणावळ वेगळी आणि घट (काम करताना वाया जाणारं सोनं) वेगळी लावतात, दोन्ही मिळून काय होतं ते बघायचं. घासाघीस करायची तर इथेच होते, भावात कोणी एक रुपया सोडत नाही. मोठी खरेदी असेल तर पॅन कार्ड बरोबर ठेवा, दोन लाखांच्या वर लागतंच, आणि दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाहीत.

जुनं सोनं मोडीत घालणार असाल तर घरून निघतानाच किचन स्केलवर का होईना वजन करून, फोटो काढून निघा. दुकानात आधी कॅरेटमीटरवर ठेवतात, ते मशीन वरच्या थराचा अंदाज देतं, आतला डाक किंवा भरलेलं काही त्याला दिसत नाही. खरं काय ते वितळवल्यावर कळतं आणि वितळवणं तुमच्यासमोर व्हायला पाहिजे, आतल्या खोलीत नाही. आजीच्या पाटल्या हॉलमार्कच्या आधीच्या असतात, त्या बिनहॉलमार्कच्या विकता येतात, त्यात बेकायदेशीर काही नाही, कोणी त्या नावाखाली भाव पाडत असेल तर दुसरीकडे जा. आणि एकदा वितळलं की परत येत नाही, त्यामुळे जुनी वजरटीक, चपलाहार असं काही असेल तर मोडायच्या आधी दोन दिवस थांबा असं आपलं माझं मत.

आता हिरे. इथे सगळं वेगळं. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्यात कॅरेट म्हणजे वजन, १ कॅरेट म्हणजे ०.२०० ग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. आणि हॉलमार्क हिऱ्याबद्दल काहीही सांगत नाही, तो फक्त सोन्याचा. "हॉलमार्क आहे ना, मग हिरे पण खरे" हे मी काउंटरवर कितीदा ऐकलंय.

हिऱ्याचा भाव वजनाच्या प्रमाणात चढत नाही, उड्या मारत चढतो. अर्ध्या कॅरेटचा एक दगड आणि पाच सेंटचे दहा दगड, दोन्हींचं वजन सारखं पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, कारण मोठा दगड दुर्मिळ. म्हणून टॅगवर "एकूण ०.५० कॅरेट" दिसलं की किती नग आहेत ते मोजा. दुसरं म्हणजे ०.५०, १.०० अशा आकड्यांना भाव एकदम उडी घेतो, त्यामुळे ०.४६ किंवा ०.९३ असा दगड मिळाला तर घेऊन टाका, बोटात घातल्यावर कोणाला कळणार नाही.

मग रंग. डी पासून झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे अगदी पांढरा, पुढे पुढे पिवळसर होत जातो. ए-बी-सी मुद्दाम सोडलेत कारण त्याआधी जो तो आपापले ए, डबल ए लावत होता. आपल्याकडे दुकानात ई-एफ, जी-एच, आय-जे अशा जोड्यांत बोलतात. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय-जे सुद्धा छान दिसतो, सोन्याच्या पिवळेपणात हिऱ्याची झाक लपते, व्हाइट गोल्डमध्ये मात्र जी-एचच्या खाली उतरू नका. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळेच हिरे चमकतात, त्यासाठीच लावलेत ते. दगड घेऊन दाराजवळ या, ऊन नको, नुसता दिवसाचा उजेड, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून नाही, बाजूने बघा. पिवळेपणा असेल तर बाजूने कळतो. सेल्समन बरोबर येईल, येऊ दे.

क्लॅरिटी म्हणजे आतले डाग, रेषा, ढगासारखं काही. स्वच्छपासून डागाळलेल्याकडे अशा पायऱ्या: आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि मग आय. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक भिंगाशिवाय दिसतच नाही, आणि तुमच्या नणंदेकडे भिंग नसतं. व्हीएस२ (२ म्हणजे त्या पायरीतला खालचा, १ वरचा) मस्त, नशीब चांगलं असेल तर एसआय१ मध्येही डोळ्यांना स्वच्छ दगड मिळतो, फक्त डाग वरच्या सपाट भागाच्या मधोमध नाही ना एवढं बघा, कडेला असेल तर काट्याखाली झाकला जातो.

पैसे कुठे घालायचे तर कटवर. कट म्हणजे आकार नाही, गोल की चौकोनी हा प्रश्न वेगळा; कट म्हणजे पैलू किती मापात पाडलेत. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सूरतला पडतात, आणि तिथला कारागीर कच्चा दगड हातात घेतो तेव्हा त्याच्यासमोर एकच पेच असतो, वजन वाचवायचं की चमक. वजन वाचवलं तर दगड पोटात जाड राहतो, वरून आत गेलेला प्रकाश परत वर न येता खालून निसटतो आणि मधोमध काळपट, मेल्यासारखा दिसतो. गोल १ कॅरेटचा चांगला कापलेला हिरा साधारण साडेसहा मिलीमीटरचा असतो. सर्टिफिकेटवर माप लिहिलेलं असतं, तिथे सहाच्या जवळपास आकडा दिसला तर तुम्ही पोटाचे पैसे देताय, ते वजन कधी कोणाला दिसणार नाही. हातात घेऊन हळू हळू हलवून बघा, चमक पूर्ण दगडभर फिरली पाहिजे. एक्सलंट कट, एच रंग, व्हीएस२ असा दगड मध्यम कटच्या डी-व्हीव्हीएसपेक्षा बोटात जास्त भारी दिसतो आणि बराच स्वस्त पडतो.

सर्टिफिकेट मोठ्या दगडाला सुटं हवं, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचं. रिपोर्ट नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे कडेच्या बारीक पट्ट्यावर, लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून दाखवायला सांगा आणि लॅबच्या साइटवर टाकून वजन, माप जुळवा. अंगठीत बसवल्यावर काट्यामुळे नंबर झाकला जाऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर बसवायच्या आधीच बघून घ्या. बारीक बारीक हिऱ्यांच्या दागिन्याला जे छोटं लॅमिनेटेड कार्ड मिळतं ते पूर्ण दागिन्याचं असतं, बसवलेले दगड काढून कोणी तोलत नाही, त्यामुळे त्यावरचा ग्रेड अंदाजाचा, हे समजून घ्या. फुंकर मारून बघा, पाण्यात टाकून बघा हे यूट्यूबचे उपाय सोडून द्या. दुकानातलं ते पेनासारखं टेस्टर पण उष्णतेवर चालतं, त्यात अमेरिकन डायमंड पकडला जातो पण मोइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच दगड) बऱ्याचदा हिरा म्हणून पास होतो, आणि लॅबग्रोन तर होणारच कारण तो हिराच आहे.

लॅबग्रोनबद्दल भांडणं फार होतात म्हणून सरळ सांगते. सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने मशीनमध्ये वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच, डोळ्यांनीच काय भिंगानेही ओळखता येत नाही, लॅबची मशीनं लागतात. घालायला हौस म्हणून घ्यायचा तर बिनधास्त घ्या, त्याच पैशात मोठा दगड मिळतो. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सारखे पडत आलेत, त्यामुळे परत विकून काही मिळेल ही आशा ठेवू नका. २०२५ मध्ये जीआयएने लॅबग्रोनला ते नेहमीचे रंग-क्लॅरिटीचे ग्रेड देणंच थांबवलं, आता प्रीमियम किंवा स्टँडर्ड एवढंच लिहितात. नैसर्गिक घेत असाल तर बिलावर "नैसर्गिक हिरा" असे शब्द लिहून घ्या, नुसतं "डायमंड" चालणार नाही.

हिऱ्याच्या अंगठीच्या बिलात दोन गोष्टी तपासा. अंगठी ४.२०० ग्रॅम भरली आणि हिरे ०.५० कॅरेटचे, तर कॅरेटला पाचने भागायचं, ०.१०० ग्रॅम, म्हणजे नेट सोनं ४.१०० ग्रॅम. मोबाईलवर दहा सेकंदांचं काम. आणि १८ कॅरेटला १८ चाच भाव लावलाय ना. आपल्या उदाहरणात २२ चा भाव १ लाख होता, त्याला ९१६ ने भागून ७५० ने गुणलं की ८१,९०० च्या आसपास येतो. पाच-सातशे इकडेतिकडे ठीक, पण नव्वद हजार लावला असेल तर विचारा का म्हणून. हिऱ्याची ओळ पूर्ण हवी: किती नग, किती कॅरेट, रंग, क्लॅरिटी, कॅरेटला काय भाव, सर्टिफिकेट नंबर. "स्टोन चार्जेस ६८,०००" असं एका ओळीत गुंडाळलेलं बिल घेऊ नका, परत करताना त्या ओळीचं काहीच होत नाही.

बायबॅकचं (दागिना दुकानाने परत घेण्याचं) तोंडी आश्वासन म्हणजे वाऱ्यावरची वरात. रोख परत किती, बदलून घेतलं तर किती, आजच्या भावाने की बिलाच्या भावाने, सर्टिफिकेट हरवलं तर काय, हे बिलाच्या मागे छापलेलं असतं, तिथे उभं राहून वाचा. बहुतेक योजना फक्त त्याच दुकानात चालतात, दुसऱ्या सराफाकडे हिऱ्याचे दागिने नेले की तो सोन्याचे पैसे देतो आणि हिऱ्याला हात लावायला तयार नसतो. म्हणून अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून जे घ्यायचं ते कमी घडणावळीचं साधं २२ कॅरेट घ्या नाहीतर नाणं, आणि हिरा आवडतो म्हणून घ्या.

घेतल्यावर बिल, सर्टिफिकेट आणि टॅगचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, पेढीच्या बिलाची शाई वर्ष-दोन वर्षांत उडते. अंगठी रोज घालत असाल तर वर्षातून एकदा काटे घट्ट करून घ्या, बऱ्याच ठिकाणी फुकट करून देतात. दुकानात देताना त्यांच्या काट्यावर वजन करून पावती घ्या आणि परत घेताना पुन्हा वजन बघा.